काळ्या पडद्याचे गुणगान

छापखान्यात मुद्रितशोधन करून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी त्या दिवशी एक लहानसा निश्चय केला : जावयाच्या कामाचे केवळ गुण सांगायचे. (दोष त्यांना न शोधता दिसत, जन्मभर पोट त्यांवरच भरले होते.)

निश्चयाला कारणही तसेच होते. जावई दूरचित्रवाणीच्या मालिकांसाठी संगणकावर दृश्ये रचत असे. गेल्या वर्षी त्याच्या पहिल्याच कामावर सासऱ्यांनी भरल्या ताटावर असे काही निरूपण केले, की तेव्हापासून तो या घराची पायरी चढला नव्हता. आज त्याच्या नव्या अंतराळ-मालिकेचा पहिला भाग लागणार होता आणि भाग संपल्यावर मुलगी त्याला घेऊन येणार होती.

"बाबा, या वेळी त्याला दुखावलंत, तर पुन्हा मला सांगू नका जावई येत नाहीत म्हणून," ती फोनवर म्हणाली.

"एक अक्षर वावगं बोलणार नाही."

भाग सुरू झाला. सासरे खुर्चीत मांडी घालून नीट सरसावून बसले आणि त्याच क्षणी पडद्यावरचे सारे मावळले. उरला काळोख, आणि यानाच्या कप्तानाचा कापरा स्वर : "काहीच दिसत नाही. आपण कुठे आलो आहोत?"

सासरे स्तब्ध झाले. रूप नाही, रंग नाही, केवळ शब्द. ज्या निराकाराच्या ध्यासात त्यांनी कित्येक पहाटा डोळे मिटून काढल्या होत्या (आणि जिथे बहुधा त्यांना डुलकीच गाठत असे), तो आज बैठकीच्या खोलीत अवतरला होता. भाग संपला तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. खोटी स्तुती करण्याच्या पापातूनही ते सुटले होते.

जावई येताच त्यांनी त्याचे दोन्ही हात हातांत घेतले. "धन्य आहात. दुसरा कुणी असता, तर त्यानं रंगीबेरंगी ग्रह नि चंद्र टांगून ठेवले असते. तुम्ही काहीच दाखवलं नाहीत."

"काहीच?" जावयाने विचारले.

"काळाकुट्ट पडदा. केवढा तो संयम."

जावयाने हात सोडवून घेतले. "बाबा, त्या जांभळ्या ग्रहासाठी माझे आठ महिने गेले."

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, यजमानांना उठवून त्यांनी खुर्चीवरचा रिमोट उचलला. "चित्र बंद करायचं बटण दाबलं गेलंय. याच्यावरच बसला होतात तुम्ही."

त्यांनी बटण पुन्हा दाबले आणि मुलीने मोबाइलवरून तोच भाग टीव्हीवर पुन्हा लावला. पडदाभर जांभळा ग्रह झळाळला, भोवती तीन चंद्र, खाली दिव्यांनी लखलखलेले नगर. आणि कप्तान कापऱ्या स्वरात म्हणाला, "काहीच दिसत नाही."

सासऱ्यांनी दातांखाली जीभ धरली. मनातल्या मनात नामस्मरण आरंभले. पण चाळीस वर्षांची सवय. तर्जनी आपसूक पडद्याकडे गेली. "एवढं सगळं समोर असताना यांना दिसत कसं नाही?"

जावई त्या ग्रहाकडे पाहत राहिला.

"संवाद लिहिले तेव्हा अंधारच ठरला होता," तो शेवटी म्हणाला. "ग्रह माझ्या हट्टानं आला. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं."

"बाबा," मुलगी म्हणाली, आणि तिने भाग थांबवला.

जावयाने बूट चढवले. सासऱ्यांना वाटले, संपले. आता आणखी एक वर्ष. पण दारातून तो परत फिरला, सासूबाईंच्या हातून त्याने रिमोट घेतला आणि सासऱ्यांच्या खुर्चीच्या बरोबर मधोमध ठेवला.

"पुढच्या रविवारी दुसरा भाग आहे, बाबा," तो म्हणाला. "मी यायच्या आधी इथे बसून घ्या."