रुसलेली वाईन

मिंगेलकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी भांड्यांचा ताप बघतात. हाताची मागची बाजू लावून. विरजणाचं पातेलं, इडलीचं पीठ, एकदा तर आमचा नवा मिक्सर. "अंग गार लागतंय ह्याचं," असं ते पिठाबद्दल काळजीने म्हणतात, तेव्हा माझी बायको रागाने माझ्याकडे बघते. पीठ मी भिजवलेलं असतं.

काका मूळचे वटार गावचे. मुंबईत नोकरी करून निवृत्त झाले आणि एव्हरशाईन सिटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुलगा कॅनडात. सिसिलकाकी गेल्या वर्षी वारल्या आणि नाताळात त्यांच्याकडून येणारी घरची वाईन थांबली. मी ठरवलं, यंदा आपण वाईन करायची आणि काकांना पाजायची. मी सांगलीचा, म्हणजे द्राक्षांच्या मुलखातला. तरीही दुकानातून द्राक्षाच्या ज्यूसचे खोके आणले. एक व्हिडिओ बघितला होता. एवढ्याच तयारीवर मी पूर्वी गिटार आणि शेअर बाजार हे दोन विषय संपवलेत.

बरणीत ज्यूस, साखर, ईस्ट घातलं. झाकणातून नळी काढून पाण्याच्या ग्लासात सोडली. नळीतून बुडबुडे आले की समजायचं, आंबायला लागलं. मी ग्लासासमोर खुर्ची टाकून बसलो. बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायको म्हणाली, "तुमच्यासारखंच दिसतंय. नुसतं बसून."

शेवटी काकांना बोलावलं. त्यांनी बरणीला हात लावला.

"रुसलीय."

"कोण?"

"वाईन. दुसरं कोन?" त्यांनी कचऱ्यातून रिकामा खोका काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक अक्षरं वाचली. "अरे सुधीर, ह्याच्यात प्रिझर्वेटिव्ह आहे. पाहुण्याला जेवायला बोलावलंस आनि ताटाला कुलूप लावलंस! ईस्ट कशात भिजवलंस?"

"उकळत्या पाण्यात. म्हटलं, जंतू नकोत."

काकांनी खोका खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "ईस्ट म्हंजे जंतूच रे बाबा."

बायको स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसून आली.

दुसऱ्या खेपेला काकांनी स्वतः लेबलं वाचून ज्यूस निवडला. दुकानदाराला वाटलं, तपासणीला साहेब आलेत. ईस्ट कोमट पाण्यात भिजलं, फसफसलं. बुडबुडे आले! मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. पण दोन दिवसांत बुडबुडे मंदावले. काका आले, छताकडे बघू लागले. बरणी मी एसीच्या बरोबर खाली ठेवली होती.

"थंडी वाजतेय तिला. आनि तिच्यासमोर भांडू नका, मनाला लावून घेते."

"मग या घरात वाईन होणं कठीण आहे," बायको म्हणाली.

काकांनी बरणी उचलली. "चल बाय, माझ्याकडे." लेकीला माहेरी न्यावं तशी ते तिला घेऊन गेले.

नाताळ जवळ आला, तशी एका संध्याकाळी मी बरणी आणायला गेलो. काकांचं दार अर्धवट उघडं होतं. बेल दाबणार, तेवढ्यात त्यांचा आवाज आला. ते रोझरी म्हणत होते. तिची रीत मला शेजारामुळे माहीत आहे: निम्मी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली निम्मी बाकीच्यांनी. पूर्वी ती निम्मी काकींच्या आवाजात आमच्या घरापर्यंत यायची.

काकांनी आपली निम्मी म्हटली आणि ते थांबले. शेजारच्या खुर्चीवर, काकींच्या शालीत गुंडाळलेली बरणी होती. नळीतून "बुडुक" आवाज आला. मग काकांनी जपमाळेचा पुढचा मणी ओढला.

मी जिन्यापर्यंत मागे गेलो. रोझरी संपल्यावर मुद्दाम चप्पल वाजवत आलो.

"न्यायला आलास?" काका शाल सोडवू लागले. "घे. मस्त चाललीय आता."

मी ग्लासाकडे बघितलं. बुडबुडे एकामागून एक येत होते.

"नाही हो काका. मंद वाटतेय मला अजून."

"मंद? तुला काय कळतं रे त्यातलं?"

"काहीच नाही. म्हणून तर म्हणतो, राहू द्या इथेच."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग शाल पुन्हा बरणीभोवती नीट लपेटली, टोकं आत खोचली.

"बसतोस जरा?" ते म्हणाले. "आतून खुर्ची आन."