वानखडे काकांचे रुमाल

वानखडे काका कुठेही पोचायच्या आधी त्यांचा रुमाल पोचलेला असतो. चंदीगडच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतलं नाटक असो, सेक्टरमधल्या कुणाच्या मुलीचं लग्न असो, नाहीतर सुखना तळ्याकाठचा उन्हातला बाक असो. पांढरा, निळ्या काठाचा, कडक इस्त्रीचा रुमाल पसरलेला दिसला की समजायचं, काका आसपास आहेत. एकदा तर त्यांनी मार्केटमध्ये पार्किंगच्या जागेवर रुमाल टाकून त्याच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. समोर एक सरदारजी ट्रकएवढ्या गाडीचा हॉर्न वाजवत होते आणि काका शांतपणे सांगत होते, "भाईसाब, जगह पकडी हुई है." आश्चर्य म्हणजे सरदारजींनी मुकाट्याने गाडी मागे घेतली.

ही सवय अमरावतीच्या एसटी स्टँडवरची. "खिडकीतून रुमाल टाकला नाही तं बाप्पा, परतवाड्यापर्यंत उभ्यानं जा लागे," काका सांगतात. "रुमाल टाकला की जागा पक्की. माणूस मागाहून येते." नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे पुढे अर्धा देश पाहून झाला, पण रुमाल सुटला नाही. बरोबरीचे सगळे निवृत्त होऊन नागपूर-पुण्याला परतले, काका मात्र चंदीगडलाच राहिले. इथले रस्ते सरळ आहेत, माणूस हरवत नाही, हे त्यांचं कारण.

मी सांगलीची. बँकेतल्या बदलीने इथे आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला लागले. पहिल्याच आठवड्यात, आधीच्या बदल्यांमुळे हिंदीच जास्त बोलणारी माझी लेक बागेतून धावत आली, "मम्मा, नीचेवाले काकाजी ने मेरे लिए झूले पे रूमाल रख दिया!" तेव्हापासून आमच्या घराची त्यांच्याशी दोस्ती.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. काका कार्यक्रमाला नेहमी दोन रुमाल टाकतात. एक स्वतःसाठी, एक काकूंसाठी. काकू कधीच येत नसत. दिवे मंदावले, पडदा हलला की काका शेजारचा रुमाल उचलायचे, नीट घडी करून खिशात ठेवायचे आणि मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी हाक मारायचे, "या, बसा. रिकामीच आहे."

काकू घरात चुणचुणीत. वऱ्हाडी गोळाभात असा करतात की मी सांगलीकर असून दुसऱ्यांदा मागते. पण उंबरा ओलांडत नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी मंडईत भाजी घेताना त्यांची छाती एकाएकी धडधडायला लागली, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. आता आपण जातो, असंच त्यांना वाटलं. हार्टच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि हार्ट ठणठणीत असल्याचं सांगितलं. हा घबराटीचा आजार आहे, मनाच्या डॉक्टरांना दाखवा, बरा होतो, म्हणाले. काकू म्हणाल्या, "मी काय पागल आहे का?" त्या दिवशी त्या घरी आल्या त्या आल्याच. त्यात मोठ्या हॉस्पिटलातली मनाच्या डॉक्टरांची ओपीडी म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत गर्दी. गर्दीला घाबरणाऱ्या माणसाने गर्दीतून जाऊन सांगायचं की मला गर्दीची भीती वाटते! काकांनी एकदा रिक्षा दारात आणली होती. ती तशीच परत गेली.

मग त्या हॉस्पिटलने एक शहाणपणाचं काम केलं. दर बुधवारी एक डॉक्टर आणि एक सिस्टर आमच्या सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये बसू लागल्या. घरापासून दोन गल्ल्या. डॉक्टर हरलीन पटियालाच्या, तरुण, हसऱ्या. फक्त एक घोळ झाला. 'मानसिक स्वास्थ्य क्लिनिक' हा बोर्ड मार्केटमधून वाचता येईल एवढा मोठा, आणि पेशंटचा बाक बरोबर दुधाच्या बूथसमोर. अख्खा सेक्टर तिथे दूध घ्यायला येतो. लोक बाकाजवळ यायचे, बूथकडे बघायचे, बीपी तपासता का विचारायचे आणि निघून जायचे.

काका पहिल्याच बुधवारी जागेची पाहणी करून आले. "अशा बाकावर तं निरोगी माणूसही बसनार नाही," त्यांनी निकाल दिला.

पुढच्या बुधवारी ते क्लिनिक उघडायच्या आधीच हजर. बाकावर ओळीने रुमाल. ज्याला डॉक्टरांना भेटायचं आहे त्याने काकांना गुपचूप फोन करायचा, काका त्याच्या नावाचा रुमाल टाकणार. माणूस बागेत फिरेल, गाडीत बसेल, घरी कुकर लावेल. नंबर जवळ आला की काकांचा फोन: "निघ, तुह्या रुमालाचा नंबर आला." मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. आयटी पार्कमधली एक मुलगी गाडीत लॅपटॉप उघडून बसायची. हायकोर्टातल्या एका वकिलांना काका सांगायचे, "वकील साहब, जल्दी आइए, आपका रूमाल अंदर जा रहा है." डेराबस्सीच्या कारखान्यातले एक गृहस्थ रात्रपाळी करून थेट यायचे आणि नंबर येईपर्यंत बागेत डुलकी काढायचे.

त्यात एक रुमाल माझाही होता. बदलीनंतर माझी झोप पार उडाली होती आणि ऑफिसात कुणी साधं 'मॅडम' म्हटलं तरी रडू यायचं. काकांनी काही विचारलं नाही. जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरी, बुधवारी तुह्यासाठी एक टाकू का?" मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सिस्टरांना हा प्रकार पसंत नव्हता. "अंकलजी, ये ओपीडी है या धोबीघाट?" त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"सब मरीज़ हैं जी. आ रहे हैं," काका म्हणाले.

आवाज ऐकून डॉक्टर हरलीन बाहेर आल्या. बाकभर रुमाल आणि माणूस एकच, हे पाहून त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. महिन्याभरात हॉस्पिटलने बाक मागच्या अंगणात हलवला आणि नंबर फोनवर द्यायला सुरुवात केली. म्हणजे आता रुमालांची गरज उरली नव्हती. काका टाकतच राहिले. "फोनची रेंज जाते," ते म्हणत. "रुमाल कुठं जाते?"

भिंतीकडच्या टोकाला एक रुमाल मात्र दर बुधवारी असायचा आणि दुपारी घडी होऊन परत खिशात जायचा. बाकावर कितीही दाटी झाली तरी ती जागा ते कुणाला देत नसत. ती कुणाची, हे आम्ही विचारत नसू.

थंडी सुरू झाली आणि काकांचं काहीतरी बिनसलं. रुमाल भलत्याच ठिकाणी दिसायला लागले. एके दिवशी त्यांच्याच फाटकाशेजारच्या कठड्यावर. स्वतःच्या फाटकावर जागा धरायची? काही दिवसांनी शेजाऱ्यांच्या घरासमोरच्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, जिथे कुत्रंसुद्धा बसत नाही. मग कोपऱ्यावरच्या जांभळाच्या पारावर. मी सकाळी बँकेत जाते ती संध्याकाळी येते. सुट्टीच्या दिवशी तेवढे हे रुमाल दिसायचे.

सेक्टरच्या असोसिएशनचे भल्लाजी मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "मैडमजी, अंकल ठीक तो हैं ना? बुधवार को डॉक्टर आती है, यार, उनको भी दिखा दो."

मी काकांना गाठलं. "काका, पुलियावर कुणासाठी जागा धरलीय?"

"पक्की करून ठेवलेली बरी."

"पण बसणार कोण तिथे?"

"माणूस मागाहून येते," काका म्हणाले आणि नजर चुकवून आत गेले. त्या दिवशी ते हसले नाहीत, म्हणून मला जास्तच काळजी वाटली.

पुढच्या बुधवारी माझा नंबर होता. एरवी हॉस्पिटलच्या फोनच्याही आधी येणारा काकांचा फोन आला नाही. असं कधीच झालं नव्हतं. मी बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून कम्युनिटी सेंटर गाठलं आणि मागच्या अंगणात शिरले.

बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला काकू बसल्या होत्या.

अंगात स्वेटर, वर शाल, दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरलेली. चेहरा पांढराफटक. मला बघून म्हणाल्या, "ये मेघा, बैस." बोलताना त्यांना धाप लागत होती. मी त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसले.

"डॉक्टरीणबाईनं ह्यायले, तुह्या काकांले विचारलं, बायको कुठपर्यंत येते? हे म्हणे, दारापर्यंत. तं त्या म्हणे, मग दारापासून सुरू करा," काकू सांगू लागल्या. "हे रोज दुपारी रुमाल टाकून येत. म्हणत, तिथंवर चाल फक्त, जागा धरून ठेवली आहे. पयले फाटक. मग पुलिया. मग जांभूळ. बसायचं अन् घरी यायचं."

"आणि छाती?"

"धडधडते ना. आताही धडधडून राहिली. पण जागा तं आपली आहे, उठवते कोण?"

त्यांच्या शेजारी आणखी एक रुमाल अंथरलेला होता. त्याला निळा काठ नव्हता. काकूंच्या कपाटातला, जुना, कोपऱ्यात गुलाबाचं फूल भरलेला.

"हा कुणाचा?"

"ह्यायचा, तुह्या काकांचा. मी टाकला." काकूंनी तो हाताने सारखा केला. "दोन वर्षं माह्यासमोर नुसते हसून राहिले. रात्री उठून सैपाकघरात बसत, मले का समजत नाही? मी बाकावर बसली अन् हे म्हणे, आलोच. अजून आले नाहीत. डॉक्टरीणबाईले मी सांगितलं, माह्याआधी ह्यायचा नंबर घ्या."

मी बाहेर धावले. काका दुधाच्या बूथच्या मागे, रस्त्याकडे पाठ करून उभे होते आणि स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत होते. ज्या माणसाच्या खिशात कायम डझनभर रुमाल, त्याच्याकडे आज एकही उरला नव्हता. सगळे आत बाकावर होते. मी माझा पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले. "आत टाक तो. कोनाले लागंल."

या माणसाने जन्मभर सगळ्यांसाठी जागा धरली होती. त्याच्यासाठी ती कुणी कधी धरल्याचं मला आठवत नव्हतं.

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "काका, चला. तुमच्या रुमालाचा नंबर आला."