काशीरामची पट्टी

मुलुंडच्या नव्या ब्लॉकात राहायला येऊन वर्ष होतंय न होतंय, तोच गुणाजी परबच्या हॉलच्या भिंतीवर डोकी उमटली. म्हणजे टेकून बसणाऱ्यांच्या तेलकट डोक्यांचे गोल डाग. त्याची बायको वनमाला एकेका डागावर बोट ठेवून सांगायची, "हे मामा, हे धाकटे भावोजी, आणि हा सगळ्यांत मोठा, हे तुम्ही."

"चेंबूरला शुभाकडे बघा," ती एक दिवस म्हणाली. "विद्याधररावांनी हॉलभर सागवानी पट्टी मारून घेतलीय. डोकी पट्टीला टेकतात, डिस्टेंपर कोरा करकरीत!"

शुभा वनमालाची धाकटी बहीण, म्हणजे विद्याधर गुणाजीचा साडू. साडूचं नाव निघालं की गुणाजीच्या अंगात वारं शिरायचं.

"सुतार कशाला? मी मारतो पट्टी!" (ऑफिसात तो कागदांना टाचण्या मारायचा. खिळा म्हणजे मोठी टाचणी, असा त्याचा हिशेब.)

पट्टी सरळ होती, भिंत नव्हती. बिल्डरनं प्लास्टर करताना भिंतीला मधोमध चांगलं गुटगुटीत पोट ठेवलं होतं. पट्टी त्या पोटाला टेकली आणि दोन्ही टोकांना भिंतीशी अबोला धरून उभी राहिली. डावं टोक ठोकलं की उजवं सुटे, उजवं ठोकलं की डावं खिळ्यासकट बाहेर येई. शेवटी गुणाजीनं सगळे खिळे त्या पोटातच मारले आणि टोकं देवावर सोडली. मागे अख्खा पंजा जाईल एवढी फट राहिली.

"वाट लागली! उद्याच विद्याधर येतोय," तो मटकन खाली बसला. "जन्मभर हसेल मला. हे बघ, सांगायचं की काशीराम म्हणून सुतार होता, काम अर्धवट टाकून पळाला."

"अहो, पण खोटं कशाला..."

"माझी शपथ आहे तुला!"

वनमालाचा नाइलाज झाला. फट झाकायला तिनं मागे हाताला लागेल ते खोचलं: वर्तमानपत्रं, फण्या, लग्नपत्रिका, लाटणं. (लाटणं तिथे कशाला, हे गुणाजीनं विचारलं नाही.)

रविवारी विद्याधर शुभाला घेऊन आला, मागे टेकणार तोच थबकला आणि पट्टीमागे डोकावला. गुणाजीनं डोळे मिटून घेतले.

"अरे, हे झकास आहे यार! पट्टीची पट्टी आणि कप्प्याचा कप्पा! शुभा, बघ गं. आपल्या सुताराला सुचलं का हे? कोणी केलं रे?"

गुणाजीचं तोंड उघडायच्या आत वनमाला म्हणाली, "काशीराम सुतारानं. राजापूरचा. एका हाताला सहा बोटं आहेत त्याच्या."

"तरीच!" शुभा म्हणाली.

गुणाजीला राहवेना. पहिल्यांदाच साडू त्याच्या घरातलं काहीतरी बघून जळत होता, आणि श्रेय कोण घेऊन चाललं होतं, तर जन्मालाच न आलेला माणूस!

"मी केलंय ते! काशीराम-बिशीराम कोणी नाही! विचार हिला!"

वनमालानं मान खाली घातली. "ह्यांच्या गळ्याची शपथ, विद्याधरराव. काशीरामच."

विद्याधर पोट धरून हसला. "बरं बाबा, तूच केलंस. मग पुढच्या रविवारी ये चेंबूरला. आमच्या आतल्या खोलीत अगदी अशीच पट्टी मारून दाखव. जमलं तर चारचौघांत सांगेन, गुणाजीला मानलं!"

गुणाजी हातोडी परजत चेंबूरला पोचला. विद्याधरनं चारचौघं खरोखरच जमवली होती. गुणाजीनं पट्टी भिंतीला लावली आणि मागे बोट घालून पाहिलं, तर नखही शिरेना. जुन्या बिल्डिंगमधली ती भिंत ओळंब्यात होती, सुतासारखी सरळ. कुठे पोट नाही, कुठे पाठ नाही. त्यानं खिळे मारले. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घट्ट बसली. त्यानं ती उचकटली, उलटी लावली, मुद्दाम वेंधळेपणानं ठोकली. ती आणखीच घट्ट बसली. उभ्या जन्मात त्याच्या हातून इतकं सुबक काम झालं नव्हतं.

विद्याधरनं मागे पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. ते टपकन जमिनीवर पडलं. मग त्यानं गुणाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस," तो अगदी मायेनं म्हणाला. "प्रत्येकाला नाही जमत रे. तू फक्त काशीरामचा पत्ता दे."