आत्याबाईंचा सल्ला आणि ढिली गाठ

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती. नदीवर ओणवी झालेली एक बाभूळ होती आणि त्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती.

आता नीट ऐका. सुगरण पक्ष्यांत घरटं विणतो तो नर. मादी विणत नाही. तिचं काम एकच, पण फार मोठं. घरटं अर्धं झालं की ती येते, एकेक गाठ चोचीत धरते आणि हिसका देते. गाठ टिकली तर ती तिथे संसार मांडते. सुटली तर उडून जाते. नर दोन दिवस रुसतो आणि पुन्हा विणायला बसतो. अंडी तिची, ती पाण्यावर लोंबकळणार, म्हणून हिसकाही तिचाच. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

पण बिघडल्याशिवाय गोष्ट कशी होणार?

त्या बाभळीवर डौलराव नावाचा एक नर होता. त्याने पाच घरटी विणली. पाचही पाच जणींनी हिसका देऊन नाकारली. शेवटचं तर गोदामावशीने असं ओढलं की ते थेट नदीत गेलं. एखादा शहाणा पक्षी अशा वेळी गाठ मारायला शिकला असता. डौलरावाने मासिक काढलं.

मासिकाचं नाव 'सुपक्षिणी'. खास महिलांसाठी. मुखपृष्ठावर मान कलती करून हसणारी एक पक्षीण असायची. ती कशाला हसते आहे ते कधी कळायचं नाही. आत नाकतोड्याची कोशिंबीर आणि पाहुण्यांसाठी सुरवंटाच्या वड्या असायच्या. 'तुम्ही आदर्श पत्नी आहात का?' अशी वीस गुणांची चाचणी असायची. तिच्यात कोणालाच बाराच्या वर गुण पडत नसत, त्यामुळे पुढचा अंक घ्यावाच लागे. शेवटच्या पानावर 'आत्याबाईंना विचारा' हे सदर. सगळ्या जणी आधी तेच उघडत.

आणि दर अंकात कुठे ना कुठे एक वाक्य चौकटीत छापलेलं असायचं. 'सुशील पक्षीण गाठ ओढून पाहत नाही. ती विश्वास ठेवते.'

या वस्तीत शालन नावाची एक तरुण पक्षीण होती. तिने सगळे अंक जपून ठेवले होते. मान कलती करायचा तिने इतका सराव केला की मानेची एक बाजू कायमची दुखायला लागली.

एका अंकात 'या महिन्याचा आदर्श वर' म्हणून विलासचा फोटो आला. काय ते पिवळंधमक डोकं! शालन त्याच्या घरट्यात गेली ती सरळ आत जाऊन बसली.

"शालन, गाठी ओढून बघितल्यास का गं?" गोदामावशीने विचारलं.

"इश्श, मावशी! आता असं कोणी करतं का?"

"आम्ही करत होतो बाई."

"म्हणून तर तुमचा फोटो कधी आला नाही."

मावशीची चौदा पिल्लं धडधाकट मोठी होऊन उडून गेली होती, पण चाचणीत त्याला गुण नव्हते.

विलासने घरटं पुरं केलं. अंडी घालायची वेळ दोन दिवसांवर आली. शालन आत बसली होती. वाऱ्याची साधी झुळूक आली आणि घरटं एका बाजूला कललं. तिने वर पाहिलं. ज्या गाठीवर सगळं घर टांगलेलं होतं, ती गाठ ढिली होती.

"अहो, ती वरची गाठ जरा बघता का?"

"तू दमली आहेस," विलास म्हणाला. तो नदीत स्वतःचं डोकं पाहत होता.

शालनने आधी मासिकात सांगितलेलं सगळं केलं. पिसांना हळद लावली. दारात उभी राहून हसली. गाठ तेवढीच ढिली राहिली. मग ती उडत उडत आत्याबाईंना भेटायलाच गेली.

'सुपक्षिणी'चं कार्यालय एका ढोलीत होतं. आत डौलराव एकटाच लिहीत बसला होता.

"आत्याबाई आहेत का?"

"बोला ताई. मीच."

"तुम्ही?"

"आत्याबाई ही एक वृत्ती आहे," डौलराव गंभीरपणे म्हणाला. "काय अडचण आहे?"

शालनने गाठीचं सांगितलं. डौलरावाने डोळे मिटून ऐकून घेतलं.

"ढिलेपणा गाठीत नसतो, ताई. नजरेत असतो. विश्वास ठेवा, गाठ आपोआप घट्ट वाटू लागेल."

"आणि नाही वाटली तर? माझी अंडी नदीत जातील हो!"

"त्यावरचा लेख तयार आहे." त्याने कागद पुढे केला. मथळा होता, 'दुःखातही प्रसन्न कशा दिसाल?'

शालनने मथळा दोनदा वाचला. मग तिने विचारलं, "तुम्ही स्वतः किती घरटी विणलीत हो?"

"हा प्रश्न सुशील नाही," डौलराव म्हणाला.

बाळांनो, शालनला राग आला. असा राग, ज्याच्यासाठी 'सुपक्षिणी'त एकही पान नव्हतं. ती तडक घरी आली, तिने ती गाठ चोचीत धरली आणि हिसका दिला. एकच. घरटं नदीत पडलं आणि वाहत गेलं.

"माझं घर मोडलंस!" विलास ओरडला.

त्याच संध्याकाळी घाईने काढलेल्या नव्या अंकात पहिल्याच पानावर तिचा फोटो आला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'घर मोडणारी'. तिची जिवाभावाची मैत्रीण शकू समोरच्याच फांदीवर राहायची. तिने शालनशी बोलणं सोडलं.

शालनला रडू फुटलं. अंडी पोटात आणि डोक्यावर छप्पर नाही. गोदामावशी तिला धोंडूकडे घेऊन गेली. धोंडूचं डोकं मळकट पिवळं होतं आणि त्याचा फोटो कोणी काढला नव्हता. त्याचं घरटं अर्धं झालं होतं.

"ओढा बाई," तो म्हणाला. "जोर लावून ओढा. सुटली तर आत्ताच सुटू दे."

शालनने एक गाठ ओढली. दुसरी ओढली. ओढून ओढून तिची चोच दुखली, पण मान सरळ झाली. एकही गाठ सुटली नाही. धोंडूने रात्रंदिवस खपून घरटं पुरं केलं आणि शालनने त्यात तीन अंडी घातली.

आठवड्याने वारा सुटला. सोसाट्याचा. विश्वास ठेवलेली चार घरटी अंड्यांसकट नदीत गेली. त्यांत शकूचंही होतं.

वारा थांबल्यावर शकू शालनच्या दाराशी आली. तिच्या चोचीत विशेषांक होता. डौलरावाने वेळेवर काढला होता.

"यात लिहिलंय, आरशासमोर रोज दहा वेळा हसावं," शकू म्हणाली. "मी सकाळपासून करतेय गं. जमतच नाही. माझ्यातच काही कमी असेल का?"

शालनने शकूला पंखाखाली घेतलं. मग तिने तो अंक स्वतःच्या चोचीत घेतला. कागद गुळगुळीत होता, जाड होता, चांगल्या प्रतीचा होता. तिने मुखपृष्ठ उभं फाडलं. शकू आधी दचकली. मग तिने चाचणीचं पान धरलं आणि टर्रकन ओढलं.

तात्पर्य : मुलींनो, महिलांचं मासिक घरात असावंच असावं. बारीक फाडून अंड्यांखाली अंथरलं, तर त्याच्यासारखी ऊब दुसऱ्या कशाने येत नाही. आणि मुलांनो, गाठ मारता येत नसेल तर मुळीच खचून जाऊ नका. संपादक व्हा.