ठोंबरे फोटो वाजवतात

आमचे ठोंबरे फोटो वाजवतात. काढायचे ते पूर्वी. दहिवलीत चाळीस वर्षं त्यांचा स्टुडिओ आहे आणि निम्म्या कर्जतचं लग्नातलं भांबावलेलं तोंड त्यांच्याच कॅमेऱ्यानं टिपलेलं आहे. पुढं प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, गिऱ्हाईक आटलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, गेल्या तेव्हा त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि लहानपणी शिकलेलं व्हायोलिन बाहेर काढलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण शेलूला राहणाऱ्या त्यांच्या पुतण्यानं एक व्हिडिओ पाठवला. परदेशातल्या एका छोट्या दालनात चार माणसं भिंतीवरच्या चित्राकडं बघून वाजवताहेत आणि समोर वीसेक माणसं गपचूप ऐकताहेत. याला म्हणे चेंबर म्यूझिक म्हणतात. काकांचं मन रमावं एवढाच बिचाऱ्याचा हेतू. काका असे रमले की आम्हाला पळता भुई थोडी झाली.

वाद्यवृंदात आम्ही तिघं. व्हायोलिनवर स्वतः ठोंबरे. क्लॅरिनेटवर रघू भोईर. हा एरवी हळदीच्या बँडमध्ये वाजवतो, त्यामुळं कसलाही गंभीर फोटो तिसऱ्या मिनिटाला नवरदेवाच्या मांडवात नेऊन सोडतो. आणि पेटीवर मी. शाळेत तीस वर्षं प्रार्थनेला पेटी वाजवली, हा माझा गुन्हा. पहिल्या दिवशी मी विचारलं, "मी काय वाजवायचं?"

"तुम्ही मागचा पडदा."

"म्हणजे?"

"स्टुडिओत मागं पडदा असतो ना, तळ्याचा नि हंसाचा? तो काय करतो? काही नाही. तुम्ही पांढरी चार, एवढी एकच पट्टी दाबून बसा. आणि मास्तर, सुरकुती पडता कामा नये."

गेली दोन वर्षं मी पांढरी चार दाबून बसलो आहे. सुरकुती पडलेली त्यांना लगेच कळते.

तालमीची भाषाही स्टुडिओचीच. "हनुवटी खाली" म्हणजे सूर उतरवा. "उजेड फार झाला" म्हणजे हळू वाजवा. "पासपोर्ट साइज" म्हणजे अर्ध्या मिनिटात आटपा. "डोळे मिटले" म्हणजे पहिल्यापासून. एकदा ते रघूवर वैतागले, "तू फोटोत नाहीसच. तू शेजारच्या दुकानात आहेस." रघू मुकाट्यानं क्लॅरिनेट घेऊन शेजारच्या पिठाच्या गिरणीत गेला आणि तिथून वाजवू लागला. ठोंबरे कान देऊन म्हणाले, "आता बरोबर." तेव्हापासून तो फोटो आम्ही तसाच वाजवतो. गिरणीवाल्याचीही हरकत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी कार्यक्रम असतो. बाकांवर दाटीवाटीनं बारा माणसं मावतात. फोटो फडक्याखाली झाकलेला. आम्ही वाजवायचं, लोकांनी ओळखायचं, मग फडकं काढायचं. पुतण्या बरेच दिवस मागं लागला होता, की दुकान बंद करा, शेलूला आमच्याकडं या, इथं एकटे राहू नका. ठोंबऱ्यांचं उत्तर ठरलेलं, "एक फोटो कुणीतरी ओळखू दे. त्याच दिवशी शटर ओढतो." त्यामुळं पुतण्या दर कार्यक्रमाला यायचा आणि जीव तोडून अंदाज करायचा.

पेबच्या किल्ल्याला तो "मिक्सर" म्हणाला. उल्हास नदीचा पूर वाजवला तेव्हा कुणीतरी "सत्यनारायण?" म्हणून विचारलं. खालापूरच्या टोलनाक्यावरची गाड्यांची रांग तर आम्ही अठरा मिनिटं वाजवली. फोटोत काहीच हलत नव्हतं, म्हणून आम्हीही हललो नाही. लोधिवलीचे एक गृहस्थ शेवटी काकुळतीला येऊन म्हणाले, "दाढदुखी." ठोंबरे म्हणाले, "जवळ आलात."

मला आधी हसू यायचं, नंतर राग यायला लागला. जे कुणाला ओळखता येत नाही ते वाजवायचं कशाला? पण त्यांना हे तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता.

मागच्या कार्यक्रमाला फोटो कुठला ते त्यांनी आम्हालाही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "रघू, तू मधूनच गुणगुणल्यासारखं कर. मास्तर, पडदा." गज बाजूला ठेवून त्यांनी बोटानं तार छेडली. टक्, टक्. मग थांबले. पुन्हा टक्, टक्. पुन्हा बराच वेळ थांबले. रघू कधी नव्हे तो हळदीत गेला नाही. पुतण्यानं गळक्या नळापासून कॅरमपर्यंत सगळं सांगून पाहिलं. ठोंबरे मान हलवत राहिले.

दारात सोनीबाई उभी होती. ही ठाकरवाडीहून रानभाजी घेऊन येते आणि कित्येक वर्षं स्टुडिओच्या पायरीवर टोपली मांडते. कार्यक्रमाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "ही वैनी हाय ना, दादा?"

ठोंबऱ्यांचं बोट तारेवरच राहिलं.

"मेथी निवडते हाय. माज्या बाजूलाच बसायची ना पायरीवर. दोन काड्या मोडायची नि थांबायची."

ठोंबऱ्यांनी फडकं काढलं. खाली फोटो नव्हताच. नीट बॉर्डर आखलेला कोरा पुठ्ठा होता.

"लग्नानंतर हिचा एकही काढला नाही," ते म्हणाले. "म्हणायची, माझा काढा. मी म्हणायचो, एवढं गिऱ्हाईक जाऊ दे. ती रस्त्याकडं बघत बसायची."

"रस्त्याकडं नाय," सोनीबाई म्हणाली. "आत बघायची. गिराईक गेलं का ते."

वहिनींच्या हातचा चहा मी वीस वर्षं प्यालो होतो, मेथीची भाजीही खाल्ली होती, आणि मला त्या ओळखू आल्या नाहीत. फार लाज वाटली. पेटीवरचं बोट मात्र मी उचललं नाही.

पुतण्याच म्हणाला, "काका, राहू दे. दुकान असू दे तुमचं."

"छे. ठरलंय ना आपलं." ठोंबऱ्यांनी पुठ्ठ्यावरची धूळ बाहीनं पुसली. "सामान बांधायला घे. हिला मी हातात घेऊन येतो."