तेरा डबे, तीन पत्ते

माझ्या हातून गेलेलं पार्सल आजवर कधी चुकलं नाही! हे मी छाती फुगवून सांगतो. पार्सल कचेरीत बावीस वर्षं बटवड्याचं काम केलंय. पत्त्यावर नळाचं पाणी सांडलेलं, अक्षर कोंबडीच्या पायाचं, मजला लिहिलेलाच नाही, अशी पार्सलंसुद्धा मी योग्य दारात नेऊन आपटली आहेत. शेजाऱ्यांचा माझ्याबद्दल आता काय समज झालाय तो झालाय, पण त्या रविवारीसुद्धा एकही डबा चुकीच्या घरी गेला नाही. हे आधी नोंदवून ठेवा, मग पुढचं ऐका.

शनिवारी संध्याकाळी आमची ही आपल्या थोरल्या बहिणीकडे गेली. हिने गेली तीन वर्षं एकच ध्यास घेतला होता, रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना दुपारचं जेवण पुरवायचं काम मिळवायचं. अर्ज केले, खेटे घातले, आणि शेवटी होकार आला. सोमवारपासून आठवडाभर चाचणी, रोज पंचवीस माणसं. जेवण पसंत पडलं तर काम कायमचं! मला तिचा इतका अभिमान वाटत होता की मी ही बातमी कचेरीत दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा सांगताना साहेबांनाही उठून उभं राहायला लावलं.

जाताना ती दारातून म्हणाली, "सोमवारी पंचवीस जणांचं जेवण आहे. फ्रिज भरून ठेवलाय. नीट सांभाळा. आणि दारावर कागद लावलाय, तो वाचा!"

"वाचतो गं, वाचतो," मी म्हणालो. तिचे कागद मला तोंडपाठ आहेत. झाडांना पाणी, गॅस बंद, ओला टॉवेल पलंगावर नको. एकोणीस वर्षांच्या संसारात आमच्यात खरा मतभेद एकाच गोष्टीवरून, भोपळ्यावरून. बाकी तिचं सगळं मी ऐकतो, निदान ऐकल्यासारखं तरी करतो.

रविवारी सकाळी मी ठरवलं, ही येईपर्यंत स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांना छापील लेबलं लावून तिला चकित करायचं! कचेरीतलं लेबलयंत्र साहेबांना विचारून घरी आणलंच होतं. आठ वाजता फ्रिजमधून दूध काढून चहा घेतला आणि कामाला लागलो. फळीमागे हात घातला, तर भिंतीतल्या एकुलत्या एक खोबणीत कसलातरी प्लग होता. मिक्सरचा असणार, असं म्हणून तो उपटला आणि यंत्राचा खुपसला. यंत्रावर हिरवा दिवा लागला. साडेनऊपर्यंत मीठ, साखर, काळी मिरी, कायदेशीर कारवाई झाल्यासारखी सगळी नावासकट रांगेत उभी!

मग लक्षात आलं, घरात फार शांतता आहे. आमचा फ्रिज म्हणजे म्हाताऱ्या मामांसारखा, दिवसभर घुरघुरत असतो. आज हूं नाही की चूं नाही. दार उघडलं. आत दिवा नाही! आणि समोर तेरा डबे, गच्च. कोंबडी, मासे, शिजवलेला भात, सूप, उकडलेली अंडी, दही. वरच्या बर्फाच्या खणात आणखी पाच डबे, बर्फाने असे पांढरे झालेले की आत काय आहे ते दिसेना.

पंचवीस माणसांना हे थोडं कमी पडेल असं क्षणभर वाटलं. पण मी तिच्या धंद्यात नाक खुपसत नाही.

वीज गेली का बघितलं. लेबलयंत्राचा हिरवा दिवा ठणठणीत जळत होता. म्हणजे वीज आहे! म्हणजे बिघडला तो फ्रिजच! इतका सरळ विचार मी क्वचितच केला असेल.

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"केव्हापासून बंद आहे?" त्याने विचारलं.

"आठला दिवा लागला होता."

"मग बारापर्यंत काळजी नाही. दार बंद ठेवलं तर चार तास गारवा टिकतो. उघडू मात्र नका! मी तीनला येतो."

"आणि वरचा बर्फाचा खण?"

"खच्चून भरलाय? मग त्याला दोन दिवस काही होत नाही. हातसुद्धा लावू नका."

"बारानंतर खालचं थोडं चाखून बघू का, खराब झालंय का ते?"

"साहेब, चाखून कळत नाही. ते दुसऱ्या दिवशी पोटाला कळतं!" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दार उघडायचं नाही! मी लगेच मोठ्ठा कागद घेतला, लाल अक्षरात 'दार उघडू नये' लिहिलं आणि चारी बाजूंनी डिंक लावून दारावर चिकटवला. तिथे आधीपासून लटकणारे कागदबिगद त्याच्याखाली झाकले गेले. मग आत खरंच गार आहे ना, हे बघायला दार उघडलं. गार होतं. पाच मिनिटांनी वाटलं, मघाच्या उघडण्यामुळे गारवा तर गेला नाही? म्हणून पुन्हा उघडलं. असं पाच वेळा झालं. आणि तेव्हा कुठे गणित डोक्यात शिरलं. गारवा टिकणार बारापर्यंत आणि माणूस येणार तीनला. मधले तीन तास काय करायचं? हिचं तीन वर्षांचं स्वप्न त्या तीन तासांत नासणार!

पण बावीस वर्षांची नोकरी मदतीला धावून आली. माल इथे राहू शकत नाही ना? मग रवाना करायचा! इमारतीत फ्रिज काय कमी आहेत? समोर परिचारिकाबाई, वर निवृत्त मुख्याध्यापक, खाली शिंपीदादा. तीन पत्ते, तेरा डबे. प्रत्येक डब्यावर लेबल हवंच, नाहीतर कोणाकडे काय ठेवलं ते कसं कळणार? आमच्या कचेरीत पार्सलात काय आहे ते कधीच लिहीत नाहीत, ते कुठे जायचंय ते लिहितात. मी तसंच छापलं. 'प्रति, मुख्याध्यापक, दुसरा मजला.' असे पाच. परिचारिकाबाईंना चार, शिंपीदादांना चार. आणि सहीसाठी घरात पडलेली जुनी पोहोचवही काखेत मारली.

परिचारिकाबाई रात्रपाळी करून आल्या होत्या. अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी त्यांनी लेबल वाचलं.

"माझ्या नावाने?"

"तुमच्याच! इथे सही करा."

"अहो, पण कशाबद्दल?"

"ते सविस्तर नंतर सांगतो. आधी फ्रिजमध्ये ठेवा, वेळ घालवू नका!"

"मागे तुमच्या बोटाला पट्टी बांधली होती, म्हणून का? त्याचं काय एवढं!"

पट्टीचा इथे काय संबंध, ते मला कळेना. "संकोच करू नका. हक्काने आलोय," एवढं म्हणून मी वर पळालो.

मुख्याध्यापकांनी चष्मा लावून पाचही लेबलं वाचली, मग पोहोचवहीची मागची पानंही वाचली.

"आज माझा वाढदिवस आहे, हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी चष्मा काढत विचारलं.

"हो का? अभिनंदन, सर! लवकर सही करा, वेळ फार कमी आहे."

"खरंय रे बाबा. या वयात वेळ कमीच असतो," ते म्हणाले आणि डोळे पुसत आत गेले. माणसं अलीकडे फार हळवी झाली आहेत, असा विचार करत मी खाली उतरलो.

शिंपीदादा शिलाई यंत्रावरून उठलेच नाहीत. "कळलं, कळलं! तुमची पँट आज संध्याकाळी देतो. यासाठी डबे कशाला आणायचे?"

"पँटचं सावकाश होऊ द्या. डबे मात्र आत्ता ठेवा!"

"ठेवतो काय, आमची सासुरवाडी आलीय जेवायला. देवासारखे आलात!"

मला वाटलं, पाहुण्यांच्या गडबडीत फ्रिजमध्ये जागा करायला कोणीतरी हाताशी आहे, म्हणून दादा खूष आहेत. सव्वाअकराला मी घरी परतलो. वहीत तिन्ही सह्या, गारव्याची मुदत संपायला पाऊण तास बाकी. स्वतःच्या पाठीवर हात पोचत नाही, नाहीतर थोपटली असती!

तीनला फ्रिजवाला आला. त्याने फ्रिज पुढे ओढला, मागे वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"मोटर गेली का?" मी विचारलं.

"नाही."

"मग गॅस?"

त्याने हात वर केला. हातात प्लग होता. "हा कोणी काढला?"

मी लेबलयंत्राकडे बघितलं. त्याने लेबलयंत्राकडे बघितलं. यंत्राचा हिरवा दिवा आम्हा दोघांकडे बघत होता. त्याने ते काढून फ्रिजचा प्लग लावला आणि मामा घुरघुरू लागले. जाताना त्याने छापील पावती भरली. बिघाडाचं कारण या रकान्यात 'मालक' असं लिहिलं!

असो. माणसाने लाज गिळून पुढच्या कामाला लागावं. मी पोहोचवही घेऊन माल परत आणायला निघालो.

परिचारिकाबाईंच्या दाराबाहेर चार डबे होते. धुतलेले! बेल वाजवली.

"बाई, डब्यात होतं ते?"

"संपलं की! पहिल्या तासातच फस्त केलं. नुसतं ठेवून खराब कशाला करायचं?" त्या ढेकर आवरत, पोटावर हात ठेवून म्हणाल्या. "अन्न सुरक्षित राहायची याहून खात्रीची जागा नाही! आणि वहिनींच्या हाताला काय चव आहे हो!"

वर मुख्याध्यापकांकडे त्यांचे जुने सहकारी जमले होते. पाचही डबे टेबलावर चाटूनपुसून मोकळे. "ये, ये! वाढदिवस लक्षात ठेवणारा एकमेव शेजारी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असताना अन्न परत कसं मागायचं, हे मला बावीस वर्षांत कोणी शिकवलेलं नाही. मी वाकून नमस्कार केला आणि उतरलो. खाली शिंपीदादांच्या सासुरवाडीने डबे तर रिकामे केलेच होते, वर दादांनी माझ्या हातात पँट ठेवली.

घरी येऊन मी ती पँट मांडीवर घेऊन बसलो. उद्या पंचवीस माणसं जेवायला बसणार आणि त्यांच्यापुढे काय ठेवणार, तीन सह्या? तीन वर्षं ही ज्याची वाट बघत होती ते मी एका सकाळीत, पत्ता न चुकवता, लोकांच्या घरी पोचवलं होतं. खरं सांगतो, मला रडू आलं.

पाचला कुलूप वाजलं. ही आत आली. "मोठा डाव विसरले होते, तो न्यायला आले. अहो, काय झालं? आणि मिठाला लेबल कशाला?"

मी सगळं सांगितलं. प्लगपासून टाळ्यांपर्यंत. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता भांडं उडेल. पण तिने फ्रिजच्या दाराकडे बोट केलं.

"माझा कागद कुठाय?"

तिने माझा लाल कागद एका टोकाला धरून टरकावला. खाली तिचा कागद होता. तिने तो माझ्या हातात दिला. "मोठ्याने वाचा."

मी वाचलं. "'सोमवारच्या जेवणाचं सगळं सामान ताईच्या मोठ्या फ्रिजमध्ये आहे, रोजचा स्वयंपाकही तिथेच. मी शनिवारी परतेन. हे डबे तुमच्या जेवणाचे. खालचे तेरा तुमच्या आवडीचे.'"

"म्हणजे तुझं काम..."

"माझं काम ताईकडे गारेगार आहे! तुमच्या भरवशावर ठेवीन का मी?"

एवढा अपमान आणि एवढा आनंद मला एकाच वाक्यात कधी मिळाला नव्हता. "अगं, पण मी हे सगळं तुझ्यासाठीच केलं ना!"

"माहितीये," ती हसत म्हणाली. "म्हणून तर सामान ताईकडे ठेवलं." मग तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, डाव घेतला आणि जिना उतरण्याआधी समोरच्या परिचारिकाबाईंशी बोलत थांबली. बाई त्याच रुग्णालयातल्या निघाल्या! उद्या पाच मैत्रिणींना घेऊन सगळ्यांत आधी रांगेत उभी राहीन, असं त्या म्हणत होत्या. म्हणजे बघा, माझा बटवडा अगदीच वाया गेला नाही.

सातला भूक लागली. फ्रिज उघडला. आत दिवा, मस्त गारवा, आणि खालचे सगळे कप्पे रिकामे. वरच्या खणातले पाच डबे मात्र फ्रिजवाल्याच्या शब्दाप्रमाणे जसेच्या तसे, दगडासारखे घट्ट. त्यांना मी कुठे पाठवलं नव्हतं, म्हणून ते वाचले! देवाचे आभार मानत एक काढला आणि तिच्या कागदाची उरलेली शेवटची ओळ वाचली.

'वरच्या पाच डब्यांत भोपळा आहे. रोज एक खायचा. शेजाऱ्यांना वाटून टाकलात तर मला कळेल.'