राक्षस हलवण्याची तरतूद नाही

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडाच्या गाठी उमरेड रोडला लवकर पोचाव्यात, या हेतूने शासनाने १९७३ साली मागपुऱ्यातून एक रुंद रस्ता काढण्याचे ठरवले. मागपुरा ही विणकरांची जुनी वस्ती. तिथल्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या की एकाला उतरावे लागे, आणि कोणी उतरायचे ते वयावरून ठरे. त्यामुळे रस्त्याची गरज सर्वांना मान्य होती. तो दुसऱ्याच्या घरावरून जावा, एवढीच प्रत्येकाची नम्र सूचना होती.

नकाशात तो देवरावांच्या पुढच्या खोलीवरून गेला. त्या खोलीत देवरावांचा खड्ड्याचा माग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला, आणि समोर धोटा इकडून तिकडे पळतो आहे, असा हा माग असतो. लाकडे उचलून दुसरीकडे नेता येतात, खड्डा नेता येत नाही. आणि मागची खोली एवढी लहान की तिथे खड्डा खणला तर चूल खड्ड्यात ठेवावी लागली असती. खोली गेली की माग जाणार आणि माग गेला की देवरावांना ऐन पन्नाशीत कोळशाच्या खाणीवर काम मागायला उमरेडची बस धरावी लागणार, हे उघड होते.

देवराव हरकत नोंदवायला पथविस्तार कक्षात गेले. तिथले अभियंता मनोहरराव सज्जन गृहस्थ होते. त्यांनी देवरावांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि हरकत परत दिली. हरकती तीनच प्रकारच्या घेता येतात, असे त्यांनी समजावून सांगितले : धार्मिक, ऐतिहासिक आणि पौराणिक. देवरावांनी 'सदर घरात मी राहतो' असे लिहिले होते. राहणे हा प्रकार त्यात बसत नव्हता.

"राहतात तर सगळेच, देवराव," साहेब म्हणाले. "उद्या सगळ्यांनीच हे कारण दिलं, तर शहर वाढायचं कसं?"

देवराव हरकतीचा कागद घेऊन परतले. घरी येऊन त्यांनी ही हकिगत गोपाळरावांना सांगितली. गोपाळराव कॉलेजात मराठी शिकवत आणि मागपुऱ्यात भाड्याने राहत, म्हणून गल्लीतले सगळे अर्ज त्यांच्याकडे येत. त्यांनी आधी देवाचा विचार केला. पुढच्या खोलीत एखादी स्वयंभू मूर्ती सापडायला अडचण नव्हती. पण कक्षाचे परिपत्रक वाचल्यावर त्यांनी तो नाद सोडला. देव हलवण्याची तरतूद त्यात सविस्तर होती. कक्षाने आजवर कित्येक मारुती विधिपूर्वक हलवले होते आणि एकाही मारुतीची तक्रार नव्हती. थडगी, पुतळे, विहिरी आणि वडाची झाडे यांनाही स्वतंत्र परिच्छेद होते. गोपाळरावांनी परिपत्रक दोनदा वाचले आणि प्रबंधाला विषय मिळालेल्या माणसाच्या समाधानाने चष्मा पुसला. राक्षसाचा उल्लेख कुठेच नव्हता.

तीन दिवसांनी कक्षात जी हरकत दाखल झाली, तिच्या पौराणिक भागाचा सारांश असा :

सृष्टीच्या आरंभी काहीच नव्हते, फक्त सूत होते. आदिमाता विणाईने त्या सुताचे आकाश विणले. उरलेल्या सुताच्या नद्या केल्या. जिथे गाठी पडल्या तिथे डोंगर झाले. सर्वांत शेवटी, घाईत आणि कच्च्या धाग्यांत, तिने माणूस विणला. सुताच्या वासाने पाताळातून सूतगिळ्या नावाचा राक्षस वर आला. त्याने प्रथम पूर्वेचा पदर खाल्ला. तेव्हापासून तिकडे जमीन संपून समुद्र लागतो. मग त्याने उत्तरेची किनार कुरतडली. देवांनी तातडीची सभा बोलावली. सभा चालू असताना राक्षसाने देवांची वस्त्रे खाल्ली, त्यामुळे ठराव न होताच ती आटोपती घ्यावी लागली. अखेर विणाईने त्याच्यापुढे न संपणारे कापड अंथरले. खात खात तो नाग नदीच्या अलीकडे एका खड्ड्यात उतरला. तिने तत्काळ वर माग मांडला आणि शाप दिला की, धोटा चालेल तोवर तू निजशील. माग हलेल त्या दिवशी तू जागा होशील आणि ही सृष्टी कडेपासून उसवत येशील. तो खड्डा म्हणजेच अर्जदाराची पुढची खोली. सबब अर्जदाराच्या घराऐवजी समोरच्या बाजूचा विचार व्हावा.

गोपाळरावांनी ती हरकत देवरावांना वाचून दाखवली. त्या दिवसापासून देवरावांनी माग बंद ठेवणे सोडले. सणाला सुटी नाही, दुपारी आडवे होणे नाही. त्यांच्या बायकोने, जयवंताबाईंनी, चार दिवस पाहिले आणि पाचव्या दिवशी ताट समोर ठेवत विचारले, "काहून असं करून राहिले? ते मास्तरनं मनानं लिहिलं ना."

"मनानंच लिहिलं वं. पण आता सरकारात गेलं ना ते. तिथी गेल्यावर आपल्या मनाचं काय राहते?"

यथावकाश मनोहरराव स्थळपाहणीला आले. त्यांनी टेप धरून खोली मोजली, खड्डा मोजला आणि राक्षस हयात आहे की मयत, असा प्रश्न केला. मयत असेल तर हरकत आपोआप निकाली निघत होती. हयात असेल तर प्रकरण पोलिसांकडे वर्ग करता येत होते.

"झोपला आहे जी," जयवंताबाई म्हणाल्या.

या अवस्थेसाठी रकाना नव्हता. साहेब विचारात पडलेले पाहून त्या पुढे म्हणाल्या, "तुमाले खात्री कराची असन, तर हलवून पाहा माग. आमी तवरक लेकराबाळाले घेऊन नदीपल्याड जातो."

मनोहररावांनी खड्ड्यात पाहिले. खड्ड्यात अंधार होता. त्यांचा राक्षसांवर विश्वास नव्हता, पण त्यांची बढती तोंडावर आली होती आणि सृष्टी उसवल्यास पहिला खुलासा कोणाकडे मागितला जाईल, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. त्यांनी शेरा मारला : 'राक्षस असल्याचा पुरावा आढळला नाही. नसल्याचाही आढळला नाही. अधोहस्ताक्षरिताच्या कार्यकाळात प्रयोग करून पाहणे इष्ट नाही. रस्ता समोरच्या बाजूने न्यावा.' देवरावांच्या दारावर पिवळ्या रंगाची पाटी लागली : 'येथे राक्षस आहे. धक्का लावू नये.'

समोरच्या बाजूला चंपतरावांचे घर होते. चंपतराव कापडाची दलाली करत आणि रस्ता व्हावा म्हणून त्यांनीच पहिली सही केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन गोपाळरावांकडे आले आणि देवरावाचे कसे चांगले झाले, याबद्दल बराच वेळ बोलले. शेवटी ते मुद्द्यावर आले.

"पण मास्तर, त्याच्या घरी राक्षस आन् आमच्या घरी नाही, हे कसं काय गा? आमचं घर तर त्याच्याहून जुनं आहे."

तर्क बिनतोड होता. गोपाळरावांनी सूतगिळ्याला एक थोरला भाऊ दिला. तो रंग पीत असे, म्हणून त्याचे नाव रंगपित्या. आकाश पूर्वी लुगड्यासारखे अनेकरंगी होते. ते नुसते निळे उरले, ते त्याच्यामुळे. तो चंपतरावांच्या तिजोरीखाली झोपलेला निघाला. रस्ता पुढच्या घराकडे सरकला. तिथे एक मेहुणा निघाला. मग त्याच्या शेजारी एक राक्षसीण, तिच्या शेजारी तिची सवत. पोळ्यापर्यंत गल्लीतल्या प्रत्येक दारावर पिवळी पाटी होती आणि गोपाळरावांना मान वर करायला फुरसत नव्हती. मध्यंतरी कक्षाने एक त्रुटी काढली : एवढे राक्षस आणि एकटी विणाई, हे प्रमाण कसे राखले? गोपाळरावांनी खुलासा केला की, सृष्टी मुळात राक्षसांचीच होती, विणाई नंतर राहायला आली. तो मान्य झाला.

पाट्यांचे इतरही लाभ दिसू लागले. घरपट्टीवाले गल्लीच्या तोंडाशीच थांबू लागले. वीजमीटर वाचणारा माणूस दुरूनच अंदाज घेऊ लागला आणि अंदाज भीतीपोटी कमी येऊ लागला. खुद्द मनोहररावांनी एका संध्याकाळी, साध्या कपड्यांत, गोपाळरावांची गाठ घेतली. त्यांच्या सासऱ्यांचे घर दुसऱ्या एका नियोजित रस्त्यात येत होते. त्यांनी फारसे काही मागितले नाही. एखादा छोटा, शांत स्वभावाचा असला तरी चालेल, म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. वर्षभराची रोगराई, महागाई आणि संकटे पुतळ्यांवर घालायची, पुतळे मिरवत न्यायचे आणि गावाबाहेर जाळायचे, अशी चाल आहे. 'घेऊन जा गे मारबत' असा पुकारा सारे शहर करते. मागपुऱ्याने त्या वर्षी बैठक घेतली. मारबतीने खरोखरच ऐकले आणि राक्षस नेले, तर काय करायचे, असा प्रश्न चंपतरावांनी मांडला. सर्वानुमते ठरले की, मिरवणुकीत भाग घ्यायचा, परंपरा मोडायची नाही, मात्र पुकारा बदलायचा. त्या दिवशी सगळे शहर 'घेऊन जा' म्हणून ओरडत असताना मागपुऱ्याची मंडळी मागून हात जोडून 'राहू दे गे मारबत, राहू दे' असे ओरडत चालली होती.

आता पाटी नसलेले एकच घर उरले. ते गल्लीच्या टोकाला, रस्त्याच्या मूळ आखणीपासून बरेच आत होते, म्हणून आजवर त्याचा प्रश्न आला नव्हता. तिथे यमुताई राहत. त्या विधवा होत्या, भिवापुरी मिरची कांडून तिखट विकत, आणि त्यांची लेक कौसल्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. प्रत्येक घराला वळसा घालत नकाशातला रस्ता त्यांच्या दाराशी येऊन थांबला, तेव्हा गोपाळराव आपण होऊन त्यांच्याकडे गेले. सोबत देवरावही होते. गोपाळरावांनी त्यांच्यासाठी मनाजोगा राक्षस योजून ठेवला होता. तो पाताळाच्या दारावरचा पहारेकरी होता आणि पूर्वी देवांच्या बाजूने लढलेला होता.

यमुताईंनी उखळातली मिरची काढत सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "लिहा म्हणता त लिहून काय होते, मास्तर. पण लेक बाळंतपणाले आली. इथी लेकरू जन्माले येईन. त्याच्या घरात राक्षस लिहून ठेवू का मी?"

"अहो, नुसतं कागदावर आहे ते."

"देवरावभाऊचा कागदावरच होता. आता भाऊ जेवाले उठत नाही मागावरून."

देवरावांनी मान खाली घातली. नंतर त्यांनी हळूच सांगितले की, यमुताई, राक्षस नसला तर घर जाईन. यमुताई म्हणाल्या, माह्या सासऱ्यानं बांधलं आहे हे घर, त्याच्यात माणसं राहत होती, तेच सांगीन साहेबाले.

तेच त्यांनी सांगितले. मनोहररावांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, आणि 'सदर घरात राक्षस नाही' या जबाबावर अंगठा घेतला. कक्षात त्या दिवशी समाधानाचे वातावरण होते. इतक्या महिन्यांनंतर एका नागरिकाने खरे सांगितले होते, आणि काम पुढे सरकणार होते.

घर पाडले त्या दिवशी सगळा मागपुरा मदतीला आला. कोणी उखळ उचलले, कोणी ट्रंका. चंपतरावांनी बैलगाडी दिली आणि गाडीवानाला खड्डे टाळून चालव, गाडीत ओली बाळंतीण आहे, असे स्वतः बजावले. जयवंताबाईंनी पोराला टोपडे घातले. देवराव मात्र निरोप द्यायला बाहेर आले नाहीत. आतून धोट्याचा आवाज येत होता. गाडी भिवापूरच्या वाटेला लागली तेव्हा लोक म्हणाले, बाई मोठी सरळ होती, तिला कोणी समजावून सांगायला पाहिजे होते.

रस्ता पुढच्या उन्हाळ्यात पुरा झाला. इतकी वळणे घेऊन तो जातो की गाठी पूर्वीपेक्षा उशिरा पोचतात, पण रुंदीबद्दल तक्रार नाही. मनोहररावांना बढती मिळाली. वाचकहो, आपणही त्या रस्त्याने गेला असाल. शेवटच्या वळणाशी सायकल हळू करून, हा असा कोणी आखला, म्हणून दोन शब्द बोललाही असाल. त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. आपले घर अजून जिथल्या तिथे उभे आहे, याचा आम्हांला आनंदच आहे. ते कोणाच्या नावावर उभे आहे, हे आम्ही विचारलेले नाही.